आक्काचं लग्न आणि कॅमेरावाल्यांचा संप

आमच्या घरात बारा महिने कुणाचं ना कुणाचं लग्न चालू असायचं. चौसाळ्याच्या स्टँडमागं आमचं घर. पुढच्या खोलीत अप्पांचा स्टुडिओ, मधल्या खोलीत दोन व्हीसीआर, एक मिक्सर आणि टीव्ही, मागं माझ्या मायची चूल. अप्पा लग्नांची व्हिडिओ शूटिंग करायचे. त्यांनी शूट करून आणलेली कॅसेट मधल्या खोलीत लावायची, नको ते काढायचं, हवं ते जोडायचं, नवरा-नवरीच्या नावाभोवती लाल बदाम फिरवायचा, या सगळ्याला मिक्सिंग म्हणत, आणि बारावीला मी इंग्रजीत नापास झाल्यापासून ते काम माझ्याकडं आलं होतं. त्यामुळं सकाळी उठल्या उठल्या सनई, जेवायला बसलं की मंगलाष्टका, आणि भांडी घासताना कुणाच्या तरी पोरीची पाठवणी. नवीन पाहुणा आला की बिचारा बाहेरूनच विचारायचा, घरात काय कार्य आहे का.

माय भाकरी थापता थापता चुलीपासूनच टीव्ही बघायची. ओळख ना पाळख, पण त्या माणसांवर तिचं बारीक लक्ष. "ही वरमाय रुसलीय बघ. अन् येसराची आमटी पातळ झालीय, वाढप्याचा हात बघ कसा पळतोय." परक्या लग्नातली आमटी तिला रंगावरून कळायची. असंच एकदा कुठल्या तरी कॅसेटमध्ये एक पोरगा पंगतीत बुंदी वाढत होता. मोठ्यांना एक मूठ आणि लहान पोरांना दोन मुठी घालत होता. मायनं भाकरी तव्यावर तशीच ठेवली आणि म्हणाली, "रंजे, हे मागं घे." मी कॅसेट मागं घेतली. तिनं तीन-चारदा बुंदी वाढायला लावली, भाकरी करपली, आणि संध्याकाळी अप्पा आल्यावर हुकूम सोडला, "हा पोरगा कुणाचा, इचारून या." पोरगा शिरूर कासारजवळच्या एका वाडीचा निघाला, एसटीत कंडक्टर. माझ्या थोरल्या बहिणीची, आक्काची सोयरीक अशी जमली. दाजींना आजही पटत नाही की त्यांना बघायला आम्ही त्यांच्या घरी जाण्याआधी सगळं घर त्यांना कितीतरी वेळा बघून बसलं होतं.

आता बीडच्या माझ्या स्टुडिओत पोरं ड्रोन उडवतात. लग्न कमी आणि मांडवाचं छतच जास्त दिसतं. असो.

अप्पा कॅमेरावाल्यांच्या संघटनेचे अध्यक्ष होते. संघटना म्हणजे बीड, चौसाळा, शिरूर, या बाजूचे झाडून सगळे लग्नाचे कॅमेरेवाले. तिचं नाव ठरवायलाच दोन बैठका गेल्या होत्या. अप्पांना 'कलावंत संघटना' हवं होतं. नेकनूरचे सलीममामू, अप्पांचे सगळ्यांत जुने दोस्त आणि संघटनेचे उपाध्यक्ष, म्हणाले, "कलावंत कायका? खांदे पर अर्धा पोतं उचलके दिनभर खडे रहते. हम कामगार है." शेवटी शिरूरचे तुळशीराम बोलले. हे संघटनेचे चिटणीस, अंगानं वाळके, कायद्याला पक्के. ते म्हणाले, "कलावंत म्हणलं की लोक ढोलकी कुठंय म्हणून इचारतेत. कामगारच ठेवा." मग कामगार ठेवलं, आणि पत्र्याचे बिल्ले करून घेतले. पेंटरनं बिल्ल्यावर काढलेला कॅमेरा इतका फवारणीच्या पंपासारखा दिसत होता की स्टँडवर लोक अप्पांना कापसावरच्या मावा-तुडतुड्यांचं औषध विचारायचे. अप्पा न चिडता सांगायचेही.

संपाला कारण झाले रावसाहेब मुकादम. ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्याला न्यायच्या धंद्यात त्यांचं मोठं नाव. त्यांच्या थोरल्या पोराचं लग्न सलीममामूंनी शूट केलं होतं. मुकादम दिवसभर जेवणावळ, पाहुणे, जीपगाड्या यांच्यामागं पळत होते. त्यामुळं कॅसेट लावून सगळं गाव बसलं तेव्हा अख्ख्या लग्नात मुकादम एकदाच दिसले, आणि तेही पाठमोरे, बँडवाल्यावर ओरडताना. दुसऱ्या दिवशी त्यांनी सलीममामूंना चहाला बोलावलं, कॅमेरा घेऊनच या म्हणाले, आणि चहा संपल्यावर कॅमेरा आत नेऊन ठेवला.

"लगीन पुन्हा शूट कर," ते म्हणाले. "मी समदं जमवतो. मांडव घालतो, बँड आणतो. ह्या वेळी मला धरायचं."

मामूंनी समजावून सांगितलं. भटजींनी मुहूर्त गेल्याचं सांगितलं. नवरीच्या भावानं, एकदा लागलेलं लग्न परत कसं लावायचं, एवढंच विचारलं. मुकादम ऐकेनात. लग्न लागेपर्यंत कॅमेरा मिळायचा नाही.

सलीममामू रिकाम्या खांद्यानं आमच्या घरी आले तो दिवस मला स्वच्छ आठवतो. मायनं त्यांना शेंगुळे वाढले, आणि या माणसानं, जो एरवी दुसऱ्यांदा मागून घ्यायचा, ताटाकडं नुसतं बघितलं. त्यांचा उजवा खांदा कॅमेऱ्याच्या सवयीनं वर चढलेलाच होता. तो बघून अप्पांना काय झालं कोण जाणे. त्यांनी त्याच दुपारी बैठक बोलावली. मुकादम कॅमेरा परत देऊन चुकलो म्हणत नाहीत तोवर संघटनेचा एकही मेंबर एकही लग्न शूट करणार नाही, असं ठरलं. सगळे नारायणगडावर गेले आणि देवासमोर शपथ घेतली. त्या शपथेची कॅसेट मी मिक्स केली आहे. प्रत्येकानं आपापला कॅमेरा नेला होता, कारण एवढा मोठा प्रसंग शूट तर व्हायलाच हवा, आणि एकानंही दुसऱ्यावर भरवसा ठेवला नव्हता. त्यामुळं त्या कॅसेटमध्ये माणूस दिसत नाही. कॅमेरे कॅमेऱ्यांकडं बघतायत आणि मागून आवाज येतो, 'आम्ही शपथ घेतो की'.

वैशाख होता. बीडपासून शिरूरपर्यंत लग्नं मुकाट्यानं लागू लागली. लोक सुरुवातीला हसले, मग कासावीस झाले. एका नवरदेवानं आमच्या दारात घोडा उभा केला आणि अप्पा कॅमेरा घेऊन येईपर्यंत उतरणार नाही म्हणून बसला. घोड्यानंच शेवटी निर्णय घेतला. मला मिक्सिंगला काही उरलं नाही, टीव्ही बंद झाला, आणि आमच्या घरात पहिल्यांदाच शांतता पसरली. मायला ती सोसेना. भाकरी थापताना ती काळ्या पडलेल्या टीव्हीकडंच बघत राहायची.

आणि त्याच वैशाखात आक्काचं लग्न होतं.

तारीख संपाच्या आधीच धरलेली. मांडव सांगितलेला, बस्ता झालेला. कॅमेऱ्याचं कुणी काही बोलेना. मग दाजींकडचा निरोप आला. दाजींची आई, आक्काची होणारी सासू, गोठ्यात पाय घसरून पडली होती. खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी खाटेवरून हलायचं नाही म्हणून सांगितलं होतं. लग्न पुढं ढकलू नका, असं त्या बाईनंच सांगून पाठवलं होतं, फक्त पुढं एवढं जोडलं होतं की, व्याहीच कॅमेरेवाले आहेत, तेव्हा मला काय, घरी बसून टीव्हीवर सगळं दिसंल.

अप्पांनी निरोप ऐकला आणि ते स्टुडिओत जाऊन बसले. आक्का तशी अबोल. तिनं रुसवा धरला नाही, पण त्या दिवशी तिच्या हातून आमटीत दोनदा मीठ पडलं आणि ती आम्ही सगळ्यांनी गुमान खाल्ली. जेवताना मायनं विषय काढला.

"अध्यक्षाच्या पोरीच्या लग्नाला सूट न्हाई का?"

"न्हाई," अप्पा म्हणाले. "अध्यक्षाला तर आजाबातच न्हाई. मीच मोडल्यावर सलीमला काय तोंड दाखवू?"

"म्हंजी मेंबरनं हात लावायचा न्हाई."

"एकाबी मेंबरनं न्हाई."

"आन् जो मेंबरच न्हाई, त्यानं?"

अप्पांचा घास हातातच राहिला. माय माझ्याकडं बघत होती. मी पाठीमागं वळून बघितलं, मागं भिंत होती.  अप्पा म्हणाले, "मला काय ठावूक न्हाई. मी काय ऐकलं न्हाई," आणि हात धुवायला उठले. जाताना त्यांनी कॅमेऱ्याच्या कपाटाची किल्ली कमरेच्या करगोट्यातून सोडून टीव्हीवर ठेवली. जणू ती किल्ली त्यांना टोचत होती.

मी कॅमेरा कधी चालवला नव्हता. पण इतक्या लग्नांची मिक्सिंग करून कॅमेरावाले कुठं चुकतात ते मला तोंडपाठ झालं होतं. सगळे बाप्ये असल्यामुळं बायकांच्या खोलीत कुणी जात नसे. हळद दाराबाहेरून दिसायची, म्हणजे हळद दिसायचीच नाही, दारातल्या चपला दिसायच्या. आणि पाठवणीला सगळे कॅमेरे नवरीच्या तोंडावर. त्या चौकटीच्या कडेला मात्र मला दर वेळी एक माणूस सटकताना दिसायचा. तो नवरीचा बाप असायचा, आणि मांडव कुठल्याही गावाचा असो, तो पाण्याच्या टँकरमागं जायचा.

लग्नाच्या दिवशी मी साडीचा पदर खोचून खांद्यावर कॅमेरा घेतला तेव्हा मांडवात एकदम कुजबुज झाली. एका म्हातारीनं मायला विचारलं, "कावून गं, पोरगी पंप घेऊन कुठं निघाली?" संघटनेचे सगळे मेंबर आमंत्रणानं आले होते, पांढरेशुभ्र कपडे, छातीवर बिल्ले. त्यांची अवस्था मला बघवेना. आयुष्यात पहिल्यांदा मोकळ्या हातानं लग्नाला आलेली माणसं ती. हात कुठं ठेवायचे तेच त्यांना कळत नव्हतं. अप्पा तर डाव्या अंगाला मान कलती करून, उजवा खांदा वर काढून, नुसते हवेतच शूटिंग करत उभे होते.

संप होता, त्यामुळं माझ्याशी बोलता येईना. पण मी चुकत होते, आणि ते त्यांच्यानं बघवत नव्हतं. सलीममामू माझ्याजवळून गेले आणि मांडवाच्या एका खांबाला म्हणाले, "बत्ती पीछेसे आ रही. माणसं काळी दिसेंगी." मी दिशा बदलली. थोड्या वेळानं कुणी तरी आचाऱ्याला म्हणालं, "एवढं पळू नये म्हणतेत, पिक्चर हलतं." आचारी म्हणाला, मी कुठं पळतोय. सगळ्यांत कमाल तुळशीरामांनी केली. संपाचे सगळ्यांत कडवे ते. सकाळपासून माझ्याकडं पाठ करून बसले होते. मंगलाष्टका सुरू व्हायच्या वेळी ते उठले, माझ्या अगदी कानाजवळ येऊन आकाशाकडं बघत म्हणाले, "आधी पांढऱ्या कापडावर धरून रंग बसवून घ्यावा, न्हाई तर नवरी हिरवी येती," आणि परत जाऊन पाठ करून बसले. मी एका मेंबरच्या पांढऱ्या पाठीवर कॅमेरा धरून रंग बसवून घेतला. ती पाठ त्यांचीच होती.

लग्न झालं, आक्का सासरी गेली, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी आमच्या लिंबाखाली बैठक बसली. मी दारात होते. तुळशीराम उभे राहिले. "अध्यक्षांच्या घरात संप फुटला," ते म्हणाले. "मला वाईट वाटतं, पण फुटला."

"कैसा फुटला?" सलीममामू म्हणाले. "लडकी मेंबर न्हाई. लेकराच्या हातात कॅमेरा आला, खेळली."

"खेळली? सकाळपसून पाठवणीपर्यंत? ते कॅमेरामनचं काम होतं. कॅमेरामननं संपात काम केलं म्हंजी संप फोडला. मुकादमाला हे कळलं तर तो आपल्याला हासंल."

अप्पा खाली मान घालून बसले होते. अध्यक्षपद सोडतो, असं ते म्हणणार हे मला त्यांच्या पाठीवरून दिसत होतं. कुणी विचारलं नव्हतं, पण मी दारातून बोलले.

"तुळशीरामकाका, मी कॅमेरामन हाय का न्हाई, तेवढं सांगा. नसंल, तर मी संप फोडला न्हाई. असंल, तर फोडला, माझं चुकलं, पण मग मला मेंबर कावून केलं न्हाई?"

 तुळशीराम कायद्याचे माणूस. त्यांनी ते वाक्य मनात दोन्ही बाजूंनी फिरवून बघितलं असावं, कारण त्यांचे ओठ हलत होते. मग ते म्हणाले, "काम बघितल्याबिगर कसं सांगावं? कॅसेट लावा."

सगळी संघटना मधल्या खोलीत दाटीवाटीनं बसली. माय चहाचा ट्रे घेऊन उभी राहिली ती उभीच राहिली. मी कॅसेट लावली. आधी बायकांची खोली आली. माझी आत्या आक्काच्या तोंडाला हळद फासता फासता गाणं विसरली होती आणि मधेच बाजाराचा भाव सांगून परत गाण्यावर आली होती. मेंबरांपैकी एकानं हळूच म्हटलं, "असं असतंय होय आतमधी?" मग मांडव आला, सुरुवातीची काळी माणसं आली, आणि खांबाशी बोलणारा सलीममामूंचा आवाज आला, स्पष्ट. मामू खाकरले. मग आचाऱ्याचा प्रसंग झाला. आणि मग, मंगलाष्टकांच्या आधी, सगळ्यांना ऐकू जाईल असा तुळशीरामांचा आवाज आला, 'आधी पांढऱ्या कापडावर धरून रंग बसवून घ्यावा.' पाठोपाठ पडदाभर त्यांची पाठ.

कुणी हसलं नाही. सगळे पुढं टीव्हीकडं बघत राहिले, आणि त्यातल्या कित्येकांचे खांदे हलत होते. तुळशीरामांनी चहा उचलला आणि बशीत ओतून शांतपणे प्यायला सुरुवात केली.

पाठवणी आली. आक्का जीपमध्ये बसत होती, मी तिला थोडंसं दाखवलं आणि कॅमेरा तसाच टँकरमागं नेला होता. अप्पा तिथं होते. टॉवेल तोंडाला लावून ते लहान पोरासारखे रडत होते. कॅमेरा आलेला त्यांना दिसला. ते पळाले नाहीत. रडता रडताच त्यांनी एक हात बाहेर काढला आणि मला खूण केली, जरा डावीकडं हो, तिकडून उजेड चांगला आहे. मी डावीकडं झाले, आणि खरंच चांगला होता.

कॅसेट संपून पडद्यावर मुंग्या आल्या तरी कुणी उठेना. इतकी वर्षं लग्नं शूट केलेली माणसं ती, घरोघरी त्यांच्या पोरी नांदायला गेलेल्या. टँकरमागं आपापल्या वेळी त्यांच्यातला प्रत्येक जण गेला असणार. शेवटी तुळशीराम म्हणाले, "सुरुवातीला फोकस हललाय." थोडं थांबून म्हणाले, "कॅमेरामनचंच काम हाय." त्यांनी आपल्या खिशावरचा बिल्ला काढला, माझ्या हातात दिला आणि लगेच चिटणिसाच्या आवाजात सांगितलं, "आता संप तुलाबी लागू. उद्यापसून कॅमेऱ्याला हात लावायचा न्हाई." अशी मी संघटनेची पहिली बाई मेंबर झाले. कामाला लागले आणि त्याच क्षणी बेकारही झाले.

कॅसेटची एक प्रत दाजींनी एसटीतून नेली. आक्का सांगायची, सासूबाईंनी खाटेवरूनच सगळं बघितलं, हळद दोनदा बघितली. एवढंच म्हणाल्या की, व्याही रडका आहे, पण माणूस बरा दिसतो.

बैठकीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मुकादमांची जीप आमच्या दारात थांबली. त्यांच्या धाकट्या पोराचं लग्न चार दिवसांवर आलं होतं, आणि कॅमेऱ्याविना लग्न लावायला नवरीकडचे तयार नव्हते. ड्रायव्हर खाली उतरला, लिंबाखाली बसलेल्या अप्पांना आणि सलीममामूंना टाळून थेट माझ्याकडं आला.

"मेंबर नसलेली कॅमेरावाली पोरगी इथंच ऱ्हाती का?"

"राहत होती," मी म्हणाले. "कालच मेंबर झाली."

त्यानं अप्पांकडं बघितलं, मामूंकडं बघितलं, आणि काही न बोलता जीप वळवून गेला. माय आतून म्हणाली, चहा तरी घेऊन जायचं. संध्याकाळ व्हायच्या आत जीप परत आली. या वेळी मुकादम स्वतः खाली उतरले. धिप्पाड माणूस, डोक्याला फेटा, आणि बाळ घ्यावं तसा धोतरात गुंडाळलेला कॅमेरा त्यांच्या हातात. चोरी होऊ नये म्हणून त्यांनी तो ज्वारीच्या कणगीत ठेवला होता. मामूंनी तो कलता केला तर बॅटरीच्या खणातून ओंजळभर ज्वारी निघाली. मामूंनी ती खाली पडू दिली नाही, रुमालात बांधून मायकडं दिली. मायच्या कोंबड्यांना संप लागू नव्हता.

मुकादमांना चुकलो म्हणायची सवय नव्हती. ते पाणी प्यायले. पावसाचं विचारलं. मग सलीममामूंकडं न बघता म्हणाले, "मला वाटलं, माझ्या पोराच्या लग्नात मीच न्हाई. सात पिढ्या बघतेन अन् म्हनतेन, ह्याचा बाप कुठं गेलता?" मग बघून म्हणाले, "चुकलं माझं, सलीमभाई."

मामू थोडे सरकले आणि बाजेवर हात थापटला. "बैठो. उभे कायको?"

संप तिथंच संपला. चहा झाला. मुकादम उठता उठता अप्पांना म्हणाले, "मग ही पोरगी पाठवता का लग्नाला? बायकांत बी जाती म्हणं ती. आमच्या घरचे म्हणतेत, तीच पायजे."

अप्पांनी हो म्हणायला तोंड उघडलं होतं. मला ते दिसलं. मग त्यांनी ते मिटलं आणि म्हणाले, "मला काय इचारता? काम तिचं हाय. तिला इचारा."

मुकादम माझ्याकडं वळले. इतका वेळ मी त्यांना पोरगी होते. आता त्यांना कसं बोलावं ते कळेना. त्यांनी फेटा नीट केला.

"येता का मग, ताई?"

"तारीख बघून सांगते," मी म्हणाले.

बघायला माझ्याकडं एकसुद्धा तारीख नव्हती. पण मी आत गेले, भिंतीवरच्या कालनिर्णयासमोर जितका वेळ उभं राहणं शोभेल तितका वेळ उभी राहिले, आणि मग बाहेर आले.